जुनं ते चालू

गावात काम अडलं की दोष कोणाला द्यायचा, हे ठरलेलं असतं. लाईन गेली तर महावितरणला, पाऊस गेला तर हवामान खात्याला आणि एसटी आली नाही तर आगाराला. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा हे नागपूर–संभाजीनगर जुन्या रस्त्यावरचं गाव याला अपवाद असण्याचं काही कारण नाही. पण अलीकडे अशा प्रत्येक गावात ऑनलाइन सेंटर नावाची एक जागा झाली आहे आणि तिथं काम अडलं की दोषाचा प्रश्न चार शब्दांत निकालात निघतो: ‘सर्व्हर डाऊन आहे, काकाजी.’ हे वाक्य अतिशय सोयीचं आहे. सर्व्हर कोणी पाहिलेला नाही. तो मुंबईत असेल, दिल्लीत असेल, त्याच्याशी भांडायला कोणी तिकीट काढून जात नाही. कास्तकार मान डोलावतो, ‘उद्या येतो मंग’ म्हणतो आणि उरलेला दिवस पारावर काढतो. माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या काही वेळा तरी सर्व्हर बिचारा खणखणीत उभा असतो. आडवी झालेली असते ती टेबलाखालच्या डब्यातली एक लहानशी फाईल. तिला ड्रायव्हर म्हणतात. ती कालपर्यंत नीट चालत होती आणि चालत होती तेव्हाच तिची एक प्रत काढून बाजूला ठेवली असती, तर काकाजींची फेरी वाचली असती. आपण ड्रायव्हर अपडेट करायला जेवढे उतावीळ असतो, तेवढेच तो जपून ठेवायला आळशी असतो. हा क्रम उलटा करावा, असं माझं मत आहे आणि त्याला पुरावे आहेत.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे अंगठ्याच्या मशीनवरून चांगलं कळतं. पीएम-किसानची केवायसी असो की आधारवरून पैसे काढायचे असोत, काकाजींना काचेवर अंगठा ठेवायला सांगतात. तो अंगठा सोयाबीन सोंगून, तुरी झोडपून बराचसा गुळगुळीत झालेला असतो. त्याच्या रेषा उरल्या आहेत की नाही, हा पुढचा प्रश्न. आधी मशीनने तो बघितला पाहिजे आणि बघितलेलं कॉम्प्युटरला कळलं पाहिजे. मशीन कॉम्प्युटरशी परस्पर बोलू शकत नाही, त्यांच्यामध्ये ड्रायव्हर लागतो. आधार प्राधिकरणाने २०१७ पासून ‘रजिस्टर्ड डिव्हाइस’ची अट घातल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यावर आणखी एक आरडी सर्व्हिस बसली. आधीच साठवून ठेवलेला ठसा कोणी पुन्हा वापरू नये म्हणून ती ठशाला कुलूप लावूनच पुढे पाठवते. हेतू उत्तम आहे. परिणाम असा की अंगठा आणि दिल्ली यांच्यामध्ये आता मशीन, ड्रायव्हर, आरडी सर्व्हिस, ब्राउझर आणि संकेतस्थळ अशी पाच माणसांची रांग उभी असते आणि त्यातला कोणीही एक लघुशंकेला गेला तरी पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट रेडी’ एवढंच येतं. कोण गेला, ते येत नाही. पुढे एल-झिरो दर्जाची मशीन जाऊन एल-वन दर्जाची आली, ज्यांच्यात हे कुलूप मशीनच्या पोटातच असतं. सेंटरवाल्यांनी नवी मशीन विकत घेतली, त्यांचे नवे ड्रायव्हर घातले आणि जुने ड्रायव्हर काढायचे राहून गेले. एका घरात दोन मालक झाले की काय होतं, ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या कोणालाही विचारावं.

पण ड्रायव्हरची खरी महती प्रिंटरमध्ये दिसते. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात शिरा, हटकून दोनांपैकी एक प्रिंटर दिसेल: एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९००. दोघांचाही रंग मुळात काय होता हे आता सांगता येत नाही, पण दोघंही चालतात. हे प्रिंटर स्वस्त का होते, याचं कारण मोठं मजेशीर आहे. पानावर कुठे काळं करायचं आणि कुठे पांढरं सोडायचं, हा विचार महागड्या प्रिंटरमध्ये प्रिंटर स्वतः करतो. या प्रिंटरांत विचार करणारा भाग ठेवलाच नाही. तो विचार कॉम्प्युटरमध्ये बसून ड्रायव्हर करतो आणि तयार झालेले ठिपके प्रिंटरकडे ढकलतो. १०२० ची तर आणखी पुढची तऱ्हा आहे. या प्रिंटरला स्वतःचं फर्मवेअरही लक्षात राहत नाही. रात्री बटण बंद केलं की सगळं विसरतो आणि सकाळी चालू केला की ड्रायव्हर त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगतो की बाबा, तू प्रिंटर आहेस. रोज सकाळी, न कंटाळता. म्हणजे आपण दुकानातून खोक्यात घालून आणला तो अर्धाच प्रिंटर होता. उरलेला अर्धा सोबतच्या सीडीवर होता. ती सीडी पुढे कशी गेली हे सर्वांना माहीत आहे. काही शेतात पाखरं उडवायला टांगली गेली, काही गणपतीच्या मखरात लागली. कॉम्प्युटर जुना झाला, भंगारवाल्याला दिला, त्याच्यासोबत अर्धा प्रिंटरही किलोच्या भावाने गेला. मग नवा कॉम्प्युटर येतो, प्रिंटर जोडला जातो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण उगवतो आणि दुकानदार ग्राहकाला सांगतो, ‘प्रिंटर खराब झाला.’ प्रिंटर तसाच्या तसा आहे, फक्त आपण प्रिंटर आहोत हे त्याला सांगणारं कोणी उरलेलं नाही.

आता नवल याचं, की याच गावात याच माणसांना मागे ठेवण्याची कला उत्तम येते. हा सोयाबीनचा पट्टा आहे. सोयाबीन सरळ वाणाचं पीक, म्हणून आपल्याच शेतातलं चांगलं बियाणं राखून पुढच्या खरिपात पेरता येतं. एकदा विकत घेतलेलं प्रमाणित बियाणं पुढची दोन-तीन वर्षं असं चालवता येतं, हे कृषी विभाग दर उन्हाळ्यात सांगतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं, तेव्हापासून तर घरच्या बियाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आणि नुसतं राखून भागत नाही, हेही शेतकऱ्याला ठाऊक असतं. पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याभरात कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त फुटले तर पेरायचं. यात बॅकअपचं संपूर्ण शास्त्र आलं: चांगलं चालतंय तेव्हाच बाजूला काढा, कोरड्या जागी ठेवा, आणि वेळ यायच्या आधी ते उगवतं का ते तपासा. शहरातल्या मोठमोठ्या कंपन्यांत बॅकअप असतो, पण गोणपाटाची पायरी त्यांनी वगळलेली असते. तो परत बसतो का, हे कोणी बघितलेलं नसतं. ज्या घरात बियाण्याच्या कट्ट्याला कोणी हात लावू शकत नाही, त्याच घरातल्या पोराने सेंटर टाकलं की त्याच्याकडे ड्रायव्हरचा एक कट्टा नसतो, हे मात्र समजण्यापलीकडचं आहे.

कोणी म्हणेल, हे काम इंजिनिअरचं आहे. मुळीच नाही. विंडोज १० पासून विंडोजच्या पोटातच पीएनपीयूटिल नावाचा एक इमानी गडी हे काम करायला बसवलेला आहे. त्याला आजवर कोणी हाक मारलेली नाही, हा त्याचा दोष नव्हे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, पीएनपीयूटिल लिहायचं, मग तिरकी रेघ देऊन एक्सपोर्ट-ड्रायव्हर, मग एक चांदणी आणि शेवटी आधीच करून ठेवलेल्या फोल्डरचा पत्ता. एंटर. चहा येईपर्यंत बाहेरच्या कंपन्यांचे सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येऊन बसतात. विंडोजचे स्वतःचे येत नाहीत, ते नव्या विंडोजबरोबर येतातच. परत घालताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर उजवं क्लिक करून हा फोल्डर दाखवायचा. दोन अडचणी मात्र या चांदणीने सुटत नाहीत. एक म्हणजे आरडी सर्व्हिससारखे प्रोग्राम. ते ड्रायव्हर नव्हेत, त्यांची मूळ सेटअप फाईलच वेगळी जपावी लागते. दुसरं, ३२ बिटच्या विंडोजमधून काढलेला ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजला चालत नाही. तिथं कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही.

मग अपडेटचं काय? अपडेट या शब्दाभोवती आपल्याकडे एक तेजोवलय आहे. जुनं म्हणजे मागासलेलं, नवं म्हणजे सुधारलेलं, ही समजूत ड्रायव्हरच्या बाबतीत जगभर अनेकदा तोंडघशी पडलेली आहे आणि तीही मोठ्या माणसांच्या देखत. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने विंडोज ९८ किती हुशार आहे हे दाखवायला एक स्कॅनर जोडला. विंडोजने तो ओळखावा, ड्रायव्हर आपणहून घालावा, अशी योजना होती. विंडोजने त्याऐवजी निळा पडदा दाखवला. गेट्स यांनी हसून वेळ मारून नेली, म्हणूनच हे अजून बाजारात आलेलं नाही अशा अर्थाचं काही बोलले. आपल्याकडच्या सेंटरवाल्याला तीही सोय नाही, त्याचं सगळं बाजारातच असतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघर पोहोचला. स्वस्त केबलींमध्ये या कंपनीच्या चिपची नक्कल बसवलेली असते. नव्या ड्रायव्हरने अशी नक्कल दिसली की तिचा ओळखक्रमांक पुसून शून्य करायला सुरुवात केली. अस्सल कोण आणि नक्कल कोण हे ज्यांना माहीतही नव्हतं, त्यांची कालपर्यंत चालणारी केबल एका रात्रीत अनाथ झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. कंपनीचा राग रास्त होता, पण शिक्षा नक्कल करणाऱ्याला न होता ती विकत घेणाऱ्याला झाली. खतात भेसळ सापडली म्हणून शेतकऱ्याचं पीक उपटून टाकण्याचा हा न्याय झाला.

आणि १९ जुलै २०२४ तर कोण विसरेल? क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरला वाचायला एक सदोष फाईल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी निळी पडली. विमानं जमिनीवर राहिली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? प्रत्येक मशीनसमोर जाऊन उभं राहायचं, सेफ मोडमध्ये चालू करायचं आणि ती एक फाईल पुसायची. जगातल्या बलाढ्य कंपन्यांचे तंत्रज्ञ त्या आठवड्यात नेमकं तेच करत होते, जे तालुक्याचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला रोज करतो; फरक इतकाच की ते एसीत करत होते. खेड्यातल्या सेंटरांवर या प्रकाराची झळ फारशी पोहोचली नाही, कारण ज्यांना ते महागडं संरक्षण परवडत होतं त्यांचेच कॉम्प्युटर त्या दिवशी पडले. गरिबीचे जे थोडे फायदे असतात, त्यांत हा एक नोंदवून ठेवावा.

सर्वांत गमतीचा प्रकार म्हणजे ड्रायव्हर तपासून देणारे फुकट प्रोग्राम. ते उघडले की लाल अक्षरांत यादी येते: तुमचे अमुक इतके ड्रायव्हर कालबाह्य आहेत, आत्ताच अपडेट करा. माणूस घाबरतो. घाबरवणं हाच त्या प्रोग्रामचा धंदा आहे, कारण पुढच्या पानावर पैसे मागितलेले असतात. हे प्रोग्राम अनेकदा ड्रायव्हरची तारीख बघून त्याचं वय ठरवतात. आता इंटेलच्या चिपसेटच्या कित्येक ड्रायव्हरवर तारीख असते १८ जुलै १९६८. त्या दिवशी ड्रायव्हर लिहिला गेला नव्हता, इंटेल कंपनी स्थापन झाली होती. हा ड्रायव्हर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठापेक्षा वर्षाने थोरला दिसतो! आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर वर्षानुवर्षं २१ जून २००६ हीच तारीख असते. दोन्ही तारखा मुद्दाम जुन्या टाकलेल्या आहेत, त्या यंत्राच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आला तर त्याला मान मिळावा म्हणून. म्हणजे घरातल्या थोरल्याने पाहुण्यासाठी पाट सोडावा, तसा हा विनय आहे. पण तारखेवरून गुणवत्ता ठरवणाऱ्याला विनय कळत नाही. तो थोरल्यालाच म्हातारा ठरवून घराबाहेर काढतो.

यावर सुरक्षेचा आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेत अशी भोकं सापडली की प्रिंटरचा ड्रायव्हर घालण्याच्या निमित्ताने कोणीही कॉम्प्युटर ताब्यात घेऊ शकत होता. त्याला ‘प्रिंटनाइटमेअर’ असं सार्थ नाव पडलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार सक्तीचा केला, आणि कित्येक कचेऱ्यांत प्रिंट काढण्याआधी साहेबांचा पासवर्ड मागावा लागू लागला. तेव्हा जुनंच धरून बसा, अपडेटच करू नका, असं मी म्हणत नाही. विंडोजची सुरक्षेची अपडेट घ्यावीत, वेळेवर घ्यावीत, विशेषतः जिथं लोकांचे आधार क्रमांक हाताळले जातात तिथं. ड्रायव्हरचं निराळं आहे. त्यात भोक सापडलं असेल किंवा काही चालत नसेल तर नवा घालावा. सगळं सुरळीत असताना केवळ नवा आहे म्हणून घालू नये, निदान पीक विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तर नाहीच. आणि दोन्ही वेळा आधी जुना काढून बाजूला ठेवावा. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असं एक बटण विंडोज एक्सपीपासून आहे, पण ते एकच पायरी मागे नेतं. दोन चुका सलग झाल्या की ते राखाडी होऊन बसतं, आणि आपण एका चुकीवर थांबणाऱ्यांपैकी नाही.

दुसरा आक्षेप नेटवाल्यांचा: जपायचं कशाला, लागेल तेव्हा डाउनलोड करू. हा आक्षेप घेणाऱ्याने नव्याने विंडोज घातलेल्या कॉम्प्युटरसमोर एकदा बसावं. नेट चालवायला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लागतो, तो ड्रायव्हर नेटवर असतो, आणि नेट चालत नाही. मोबाइल केबलने जोडून यातून सुटता येतं, हे खरं. पण सुटल्यावर तरी काय सापडतं? जुन्या यंत्राचं पान कंपनीने काढून टाकलेलं असतं, आणि शोधायला गेलं की त्याच नावाची दहा संकेतस्थळं हिरवीगार ‘डाउनलोड’ बटणं घेऊन उभी असतात. एका पानावर चार-चार बटणं. त्यातल्या एका बटणाखाली ड्रायव्हर असतो, बाकीच्यांखाली काय असतं ते काही दिवसांनी कळतं. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे की प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणं टप्प्याटप्प्याने आवरतं घेतलं जाईल. नवे प्रिंटर विंडोजच्याच एका सामाईक ड्रायव्हरवर चालतील. नव्यांचं भलं होवो. १०२० ला तो सामाईक प्रकार कळत नाही, त्याला त्याचाच ड्रायव्हर लागतो. विंडोज १० चा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे गावोगावचे कॉम्प्युटर आज ना उद्या बदलणार. प्रिंटर मात्र बदलणार नाहीत, ते टोनर भरून भरून चालवले जाणार. ज्याला जुना ड्रायव्हर सहज मिळेल असं वाटतं, त्याने तो मिळतोय तोवरच घेऊन ठेवलेला बरा.

तिसरा आक्षेप सर्वांत आधुनिक आहे: आता सगळं मोबाइलवर होतं, कॉम्प्युटर किती दिवस राहणार? अंशतः खरं आहे. पीएम-किसानची केवायसी २०२३ पासून चेहरा दाखवूनही होते, गुळगुळीत अंगठ्याची त्यात सुटका झाली. मोबाइलमध्येही ड्रायव्हर असतातच, फक्त ते दिसत नाहीत, म्हणून आपल्याला ते नाहीत असं वाटतं. पण मुख्य अडचण मोबाइलची नाही, आपली आहे. आपलं काम झालं असं आपल्याला कागद हातात पडल्याशिवाय वाटत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. पंधरा रुपये भरले की तो घरबसल्या मोबाइलवर उतरतो आणि त्याला वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते. तरीही तो मोबाइलवर घेतलेला माणूस पुढे काय करतो? झेरॉक्सच्या दुकानात जातो, तो मोबाइलवरून पाठवतो, त्याची प्रिंट काढतो, आणि होता होईल तो तिच्यावर एक शिक्काही मिळवतो. दरम्यान शासनाने तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. ही अपडेट यशस्वी झाली, कारण तिला काही जोडावं लागलं नाही. त्यांच्या डिजिटल सहीचं जे टोकन यूएसबीत खुपसलेलं असतं, त्याला मात्र आजही त्याचा ड्रायव्हर लागतो.

राहता राहिला प्रश्न हा कट्टा ठेवायचा कुठे. त्याच कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हमध्ये ठेवू नये, कारण विंडोज नव्याने घालताना सर्वांत आधी सी ड्राइव्हच पुसला जातो. कोठीला आग लागली तर बियाणं कोठीतच होतं, हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही. एक पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यात फोल्डरला प्रिंटरचं, थम मशीनचं आणि विंडोजचं नाव द्यावं, तारीख टाकावी, आणि शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो एकदा घालून बघावा, कोंब फुटतो का ते. एवढं सगळं दोन-तीन जीबीत मावतं. बत्तीस जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये उरलेल्या जागेवर कोणाच्या तरी पुतणीच्या हळदीचा व्हिडिओ येऊन बसणार, हे गृहीत धरावं. तो बसू द्यावा. फक्त लग्न जवळ आल्यावर जागा कमी पडू लागली, की पुसण्यासाठी पहिला हात ज्या फोल्डरवर जातो, त्याला ‘ड्रायव्हर’ असं नाव देऊ नये. ‘हळद – भाग १’ असं द्यावं.